कपट्यांचं पाकीट

प्रिय खारूताई,

तू मागितलेलं पाकीट मी पाठवत नाहीये. हे आधीच सांगून टाकते. तू पाठवलेला पुठ्ठ्याचा लिफाफा परत येतोय म्हटल्यावर तुला वाटेल की आत फोटोचा उरलेला भाग आहे, आणि तू घाईघाईने डिंकाची बाटली उघडून बसशील. तो आत नाही. तो इथेच राहील. त्याचं कारण मात्र तू समजतेस ते नाही. मी रागावले होते हे खरं आहे, पण हे पत्र रागाने लिहीत नाहीये. फोनवर सांगावं असं मनात होतं. पण फोनवर तू रडायला लागतेस, मग मी गप्प होते, आणि मग तुला वाटतं की वहिनी अजून तोंड फिरवून बसली आहे. म्हणून पत्र. मला पत्रं लिहायची सवय नाही. रक्ताच्या तपासण्या करण्यात आणि त्यांचे अहवाल लिहिण्यात माझी इतकी वर्षं गेली. सापडलं ते लिहायचं, वाटलं ते नाही, अशी आमच्याकडची शिस्त. हेही तसंच कोरडं वाटलं तर सांभाळून घे.

इकडची बातमी म्हणजे पानगळ सुरू झाली. समोरच्या शिंप्याच्या दुकानापुढचं झाड पिवळं पडलंय आणि तो रोज सकाळी पानं झाडता झाडता झाडाला शिव्या घालतो. मला बघितलं की झाडू थांबवून वर बघतो. आपली खिडकी रिकामी आहे ना. इतकी वर्षं झाडाचं पहिलं पान पडायच्या आत आपली खिडकी कागदी पानांनी भरलेली असायची, त्यामुळे गल्लीलाच तशी सवय लागली आहे. मागच्या आठवड्यात न राहवून त्याने खालूनच विचारलं, "काय वहिनी, यंदा तुमच्याकडे वसंत ऋतू आहे का?" विचारल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं. जीभ चावून तो आत गेला आणि जोरजोरात मशीन चालवायला लागला. मशीनवर कापड नव्हतं. मला वरून दिसत होतं.

तू यायचीस ती दोन पिशव्या घेऊन. एकीत वाटेत वेचलेली पानं आणि दुसरीत शाळेतून जमवलेले कागद. मुलांना हस्तकला शिकवणं ही तुझी नोकरी, पण वर्गात उरलेलं सगळं उचलून घरी आणायची हौस तुझी स्वतःची. जुनी कॅलेंडरं, बिस्किटांच्या पुड्यांतले सोनेरी कागद, पार्सलांचे खाकी कागद, पतंगाचा पातळ कागद. खार जशी गालात भरून आणते तशी आणते, असं तुझा दादा म्हणायचा आणि त्यावरूनच तुला खारूताई नाव पडलं. तुला दुसरं एखादं नाव असेल हे शेजारच्या काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोस्टमन एकदा तुझ्या खऱ्या नावाचं पत्र घेऊन आला तर त्यांनी त्याला परत पाठवला. तू आलीस की आमचं जेवणाचं टेबल आठवडाभर आमचं राहायचं नाही. आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवायचो, आणि डाळीतसुद्धा सोनेरी कागदाचा एखादा तुकडा सापडायचा.

पान करायची तुझी रीत मला तोंडपाठ आहे. कागद आधी मधोमध दुमडायचा, मग शिरांच्या बारीक घड्या घालायच्या, मग कापायचं. आणि कापताना कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. हे तू मला दरवर्षी सांगितलंस आणि दरवर्षी मी कात्रीच फिरवली. माझ्या पानांच्या कडा करवतीने कापल्यासारख्या व्हायच्या. "वहिनी, हे पान अळीने खाल्लंय का गं?" असं म्हणून तू माझी पानं माळेच्या मागच्या बाजूला ओवायचीस. खरी पानं मेणकागदाच्या दोन तुकड्यांत ठेवून वरून इस्त्री फिरवायचीस. ती काचेला लावली की दुपारच्या उन्हात सगळी खोली तांबडी-पिवळी व्हायची. मला त्या खोलीत बसायला आवडायचं. हे मी तुला कधी सांगितलं असेल असं वाटत नाही.

तुझा दादा कामाला हात लावायचा नाही, पण जागचा उठायचाही नाही. दिवसभर दुकानात चष्म्यांचे बारीक स्क्रू पिळून झाल्यावर घरी येऊन पुन्हा भिंग घेऊन बसायचा. तुझ्या चिकटवहीत कुठे डिंकाचा थेंब बाहेर आलाय का ते शोधायचा आणि सापडला की म्हणायचा, "हिचा नंबर वाढलाय." दर पानगळीला तू त्या चिकटवहीत सरलेल्या वर्षाची दोन पानं करायचीस. फोटो, बसची तिकिटं, आपण तिघांनी मिळून पाहिलेल्या कुठल्याशा बागेचा नकाशा, आणि भोवती तुझी कागदी पानं. त्या कामाचा तुझा एक कायदा होता. आधी झेरॉक्स, मग कात्री. मूळ फोटोला तू कुणाला हात लावू द्यायची नाहीस. माणसं कापताना तर तू श्वासही घ्यायची नाहीस. केसांची बट असेल तर बट, बटण सुटलेलं असेल तर सुटलेलं बटण, सगळं कडेने बरोबर सोडवून घ्यायचीस.

आणि उरलेला एक तुकडाही टाकायची नाहीस. सगळं त्या मोठ्या खाकी पाकिटात. त्यावर तू ठळक अक्षरांत लिहिलं होतंस, 'कपटे'. दुसऱ्या दिवशी त्याखाली दुकानातल्या पेनने एक बारीक ओळ आली होती, 'कपटी माणसांनी हात लावू नये.' तू आठवडाभर त्याला "ए कपटी" अशीच हाक मारत होतीस आणि तो ओ देत होता.

आता फोटोबद्दल. दुकान नव्या जागेत आलं तेव्हा कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने तो हौसेने काढला आणि ट्रेएवढा मोठा करून दिला. तेव्हापासून तो भिंतीवर चौकटीत होता. पुढे फोटोवाला धंदा बंद करून गेला आणि त्याच्याकडची फिल्मही त्याच्याबरोबर गेली. तशी घरात फोटोंची कमी नाही. पण फोटो काढायला नेहमी तुझा दादा उभा, म्हणून तो फारसा कशात नाही, आणि मी जिथे आहे तिथे माझे डोळे मिटलेले किंवा मान वळलेली. बटण दाबायच्या वेळी मी हलते, हा माझा जुना आजार. दोघं एकत्र आणि दोघांचे डोळे उघडे असा हा एकच. त्यात त्याचा हात माझ्या खांद्यावर आहे म्हणून बघणारे म्हणतात, किती गोड. खरी गोष्ट तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाला नवा चष्मा चढवताना तो डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवायचा. काड्या कानावर नीट बसल्याची खात्री होईपर्यंत मान हलू नये म्हणून. फोटोच्या वेळीही त्याने तेच केलं. खांदा दाबला आणि ओठ न हलवता म्हणाला, "हलू नकोस." त्यात प्रेमबीम काही नव्हतं. मी हलले नाही, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याबद्दल तुला वेगळं काय लिहू? तू तिथेच होतीस.

या पानगळीच्या तोंडावर तू आलीस ती मी कामावर असताना, शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन. मला आल्यावर टेबलावर चिकटवही उघडी दिसावी असं तुझ्या मनात होतं, आणि दिसलीही. दोन्ही पानांवर मिळून तो एकटा उभा होता, भोवती तुझी तांबडी-पिवळी पानं. इतकं सुंदर पान तू त्याआधी केलं नव्हतंस. कानामागून निघालेली चष्म्याची काडीसुद्धा तू केसाएवढी बारीक सोडवून घेतली होतीस. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "झेरॉक्स छान आली गं." तू माझ्याकडे बघितलंस. मग मान वळवून भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे बघितलंस. त्या वेळचा तुझा चेहरा मला अजून दिसतो. तोपर्यंत तुला स्वतःलाच कळलं नव्हतं. तुझे हात तुझ्या आधी कामाला लागतात असं तुझा दादा म्हणायचा, आणि त्या दिवशी तर तू त्याला सोडवून घेण्यात इतकी बुडाली होतीस की कायदा आठवायला डोकं जाग्यावर नव्हतंच. हे मला आज कळतंय. त्या वेळी मला फक्त त्याच्या डाव्या मनगटावरचं लाल कागदी पान दिसलं. ते बाकीच्या पानांसारखं बसलं नव्हतं, काहीतरी झाकायला लावल्यासारखं होतं. मी नखाने उचललं. खाली हात नव्हता.

"हात कुठाय?" एवढंच मी विचारलं. कपट्यांचं पाकीट मी उचलून कपाटात टाकलं, आणि तू कात्री टेबलावर तशीच सोडून निघून गेलीस.

त्यानंतर तुझे निरोप येत राहिले. पाकीट पाठव, मी जोडून देते, रेषसुद्धा दिसणार नाही. वहिनी, एकदा बोल तरी. आणि एक असा की शाळेतला पानगळीचा फळा यंदा सजवायला दुसऱ्या बाईंना दिलाय, मी आता कात्री हातात धरणार नाही. मी सगळे वाचले, एकालाही उत्तर दिलं नाही. मला सुचतच नव्हतं. शेजारच्या काकूंना मात्र बरंच सुचत होतं. त्यांनी रिकामी चौकट बघितली आणि माझ्याकडून गोष्ट काढून घेतली. "नणंदच ती. तुम्हाला कापून टाकलं आणि भावाला घेऊन गेली," असं म्हणून त्यांनी मान हलवली. "चहा निवतोय तुमचा," एवढंच मी म्हटलं. पण ते वाक्य त्यांच्याबरोबर गेलं नाही, घरातच राहिलं. चुलीवर दूध उतू गेल्यावर जसा वास राहतो तसं. नंतर बरेच दिवस फडताळ उघडताना, गादी झटकताना ते मध्येच कानात यायचं.

तुझा पुठ्ठ्याचा लिफाफा आला तेव्हा मी घरी नव्हते, म्हणून शिंप्याने तो ठेवून घेतला आणि संध्याकाळी वर आणून दिला. दारात उभा राहून त्याची नजर सारखी खिडकीकडे. जाताना म्हणाला, "दोन पानं लावली तरी चालेल हो, वहिनी. रस्ता ओसाड वाटतो." मला हसू आलं. त्याच्या अंगणात गाडाभर पानं पडलेली आणि तो मला दोन पानं मागत होता.

सुट्टीच्या दिवशी मी टेबल रिकामं केलं आणि बसले. आधी इस्त्रीचा उद्योग केला. मेणकागदाची कुठली बाजू आत ठेवायची हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मेण इस्त्रीला लागलं, आणि इस्त्रीचं माझ्या कामाच्या पांढऱ्या कोटाला लागलं. घरभर मेणबत्ती विझवल्याचा वास. मग कागदाची पानं करायला घेतली. तुझी कात्री समोरच होती. पहिली चार-पाच पानं नेहमीसारखीच, अळीने खाल्लेली. नंतर मी कोपर टेबलावर टेकवलं, कात्री धरलेला हात घट्ट ठेवला आणि डाव्या हाताने कागद फिरवत गेले. खारू, पान झालं गं. सरळ, गुळगुळीत कडेचं. मी ते दाखवायला मान वर केली आणि मग परत खाली घातली.

खाकी कागद संपला म्हणून कपाटातून पाकीट काढलं. त्याच्या अक्षरातली ती ओळ वाचली आणि क्षणभर वाटलं की आपल्याला उद्देशूनच लिहिलीय. इतके दिवस मी त्या पाकिटाला हात लावला नव्हता, कारण आत काय आहे ते मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. एक भोक पडलेला फोटो, दुसरं काय. कामावर असं मी कुणाला चालू दिलं नसतं. नमुना न बघता निदान केलं होतं मी.

सापडलं ते लिहिते. दुकानाची पाटी आहे, काचेतले चष्मे आहेत, मधे त्याच्या आकाराची मोकळी जागा आहे. शेजारी मी आहे, सबंध. माझ्या केसाला, साडीच्या काठाला, कशालाही कात्री लागलेली नाही. आणि माझ्या खांद्यावर त्याचा हात आहे. मनगटापासून पुढचा सगळा. अंगठ्याचं नख स्क्रू पिळून पिळून कायम तुटलेलं असायचं, तेही तसंच. मी त्याचं भिंग आणलं. माझ्या खांद्यापाशी, त्याच्या करंगळीच्या कडेला, कात्रीचं टोक जेमतेम आत गेलंय आणि थांबलंय. मग ती मागे आलीय आणि मनगटावरून सरळ गेलीय. मला बराच वेळ लागला, पण कळलं. हात त्याच्याबरोबर न्यायचा तर माझ्या खांद्यात हाताएवढं भोक पडलं असतं. तू सुरुवात केलीस आणि तिथे थांबलीस. कपड्याचं सुटलेलं बटणसुद्धा न सोडणारी तू, भावाचा अख्खा हात सोडून दिलास, पण मला कापलं नाहीस. फोटो मूळचा आहे हे जिला त्या वेळी आठवत नव्हतं तिला हे बरं आठवलं. तुझे हात तुझ्या आधी कामाला लागतात ना, तसे ते तुझ्या आधी थांबतातही. शेजारच्या काकूंना हे समजावून सांगायच्या फंदात मी पडणार नाही, पण त्यांचं ते वाक्य त्या दिवशी घरातून गेलं.

नीट दिसावं म्हणून मी तो कागद उजेडाकडे धरला, तर त्या मोकळ्या जागेत समोरचं झाड आलं. पिवळंधमक. वाऱ्याने पानं सुटली, ती त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत खाली येताना दिसली. मी कागद खाली ठेवला नाही. चारी कोपऱ्यांना तुझा डिंक लावून तो काचेवर चिकटवला. भोवती माझी पानं लावली, अळीची आणि बिनअळीची दोन्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी झाडू घेऊन बाहेर आला. त्याला बाहेरून फोटोची पांढरी पाठ आणि मधला आकार तेवढा दिसत असणार. बराच वेळ बघत राहिला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत चढवला. "भाऊच ते," म्हणाला, "पण मान इकडे वाकडी असायची, तुम्ही तिकडे केलीत." मी म्हटलं, तुम्ही मागच्या बाजूने बघताय. "मग बरोबर आहे," म्हणाला. थोडं झाडून झाल्यावर पुन्हा वर बघून त्याने सांगितलं की त्याच्या चष्म्याची उजवी काडी अजून सैलच आहे. मला सांगितलं की खिडकीला, कोण जाणे.

तर पाकीट का पाठवत नाही ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू जोडशील ते इतकं बेमालूम जोडशील की रेष मलाही सापडणार नाही. पण मग तो हात परत त्याचा होईल. आत्ता तो माझ्याकडे राहिलाय, आणि तो तू ठेवलायस. चिकटवहीतलं लाल पान मी होतं तिथे परत चिकटवलं आहे, त्याला आता हात लावू नकोस. राहता राहिली तुझी कात्री. ती इथे टेबलावरच आहे आणि खरं म्हणजे हे पत्र मी तिच्यासाठीच लिहायला बसले. तुझा तो एक निरोप मला झोपू देत नाही, की मी आता कात्री हातात धरणार नाही. धरशील. लिफाफ्यात माझं एक पान ठेवलंय, त्याची कड बोट फिरवून बघ आणि तुझ्या शाळेतल्या त्या दुसऱ्या बाईंना सांग की वहिनीसुद्धा शिकली, तर फळा परत द्या. पोस्टाने कात्री पाठवता येत नाही. मी चौकशी केलेली नाही, पण येत नाही असंच तू समज आणि रविवारी येऊन घेऊन जा. दोन्ही पिशव्या भरून आण, अर्धी खिडकी तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. मी टेबलापाशीच बसलेली असेन. हलणार नाही.

तुझीच,
वहिनी